मोरूनांची मोजणी

निकिफोरनं एकोणीस वह्या आणल्या, मेणकापडात बांधून,
डांबर फासलेल्या होडीतून.
काही पानं माशाच्या चिकानं जुळलेली,
ती मी चाकूच्या पात्यानं सोडवली.

डॅन्यूब समुद्राला मिळते तिथलं आमचं गाव:
बोरूचं बन, एक निळं चर्च, एक मोजणी केंद्र,
केंद्रात मी, एव्दोकिया, आणि एक कॉम्प्युटर.
मोरून इथूनच नदीत चढतो.
चढायचा.
होडीहून लांब, पाठीवर हाडांच्या ढाली,
पोटात काळ्या अंड्यांची रास.
दर वसंतात किती चढले, एवढंच वह्यांत.

आठ हजार चारशे बारा, एक्कावन्न साली.
एकशे बहात्तर, एकोणऐंशीला,
निकिफोर नोकरीला लागला तेव्हा.
तीन, तो निवृत्त झाला त्या वर्षी.

सगळे आकडे रकान्यात भरून मी आलेख काढला.
डावीकडे एक कडा, कोसळलेला,
मग उजव्या टोकापर्यंत सपाट जमीन.
निकिफोरनं चहाचा पेला खाली ठेवला.
"बघ," तो म्हणाला, "मी आलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.
बायकोला हेच सांगत आलो जन्मभर.
माझ्या वर्षांत काही पडलं नाही.
पडायला उरलंच काय होतं?"

मी उभ्या अक्षावर उजवं बटण दाबलं.
अक्षाची मांडणी.
लॉगरिदमिक प्रमाण: चौकटीत बरोबरची खूण.
आधार दहा. किमान एक.
"हे काय करतेस?"
"पायऱ्या बदलते. आतापर्यंत प्रत्येक पायरी हजाराची होती.
आता पहिल्या पायरीवर एक, मग दहा, मग शंभर,
हजार, दहा हजार. उंची सगळ्यांची सारखी."
"हा कुठला न्याय?"
"ज्याच्याकडे दहा आहेत त्याचे पाच गेले,
ज्याच्याकडे आठ हजार त्याचे चार हजार.
इथे दोघंही सारखेच खाली येतात."

कडा नाहीसा झाला. सपाट जमीनही.
उरली एक रेघ, वरच्या डाव्या कोपऱ्यातून
खालच्या उजव्या कोपऱ्यात, छपराच्या उतारासारखी.
दर पाच वर्षांनी निम्मे.
त्याच्या आधी निम्मे, त्याच्या नंतर निम्मे,
आणि मधली त्याची एकोणतीस वर्षं
त्याच उतारावर, जराही न अडखळता.

बराच वेळ तो काही बोलला नाही.
बाहेर कुणाची तरी मोटरबोट बोरू हलवत गेली.
मग त्यानं बोट पडद्यावर ठेवलं, एकोणऐंशीवर,
आणि सरकवत आणलं आठपर्यंत, हळू,
जसं जाळं चाचपतात, कुठे फाटलंय बघायला.
"परवाने मीच लिहीत होतो," तो म्हणाला.

रेघ सोळा साली संपत होती, एकावर,
अगदी खालच्या कडेला टेकून.
"आणि एकोणीसचं?"
एकोणीसच्या रकान्यात शून्य होतं. मीच भरलं होतं.
पण या अक्षावर शून्याला जागा नसते.
प्रोग्रामनं एक बारीक सूचना दिली, मी ती बंद केली,
आणि बिंदू गुपचूप गळला.
"कागद खाली वाढव की."
"वाढवते. एकाखाली एक दशांश, त्याखाली एक शतांश.
टेबलाखालून, फरशीखालून, नदीच्या तळाखालून नेला
तरी शून्य त्याच्या खालीच."

"म्हणजे बघणाऱ्याला वाटेल, एक अजून आहे."
"हो."
"आधीचं चित्र माझ्या बाजूनं खोटं बोललं," निकिफोर म्हणाला,
"हे माशाच्या बाजूनं बोलतंय."

प्रिंट काढली. खालच्या कोऱ्या पट्टीवर
मी पेननं लिहिलं: एकोणीस साली आढळला नाही.
त्यानं पेन माझ्या हातातून घेतलं,
"आढळला नाही" खोडलं,
आणि वह्यांतल्या त्याच तिरक्या अक्षरात लिहिलं:
एकशे बारा दिवस जाळं टाकलं. रोज.
निवृत्त माणसाला कुणी सांगितलं होतं टाकायला?
मी विचारलं नाही.
सही करून त्यानं तारीख घातली
आणि गार झालेला चहा उभ्यानंच पिऊन टाकला.